भोक कुठे पाडू?

आन्थूसाने माझ्यापुढे सोन्याचं नाणं ठेवलं. नवरा सम्राटाच्या लढाईत पडला, तेव्हा राजवाड्यातून आलेलं. "सोनारदादा, भोक पाडा. बाप्तिस्म्याला बाळाच्या गळ्यात घालायचंय." कॉन्स्टँटिनोपलमध्ये सगळेच घालतात. "भोक कुठे पाडू?" मी विचारलं. "एका बाजूला ख्रिस्त, दुसरीकडे सम्राट, पण टाकसाळीत छापतातच असं: एक सरळ लटकला की दुसरा खाली डोकं वर पाय." ती नाणं फिरवून फिरवून बघत राहिली. "उलटा सम्राट शिपायांनी पाहिला तर?" "माझा हात कलम होईल, पोरी. म्हणून लोक ख्रिस्तालाच उलटा करून छातीशी ठेवतात. तो रागावत नाही." "ठरलं! ख्रिस्त सरळ, बाहेर. सम्राट आत, उलटा." "एवढा राग?" "राग कसला, दादा? बिनबापाच्या लेकराचं काळीज कसं धडधडतं, ते त्याला जवळून ऐकू दे." मी दार लोटून ख्रिस्ताच्या डोक्यावर टोच्या टेकवला.