मेंबरच्या घरच्या कोंबड्या

नगरपालिकेच्या शिपायानं खुराड्यात हात घातला आणि काळी तलंग केकाटली, तेव्हा झुंबरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच ती बाहेर आली. अंगणात गल्लीतली माणसं दाटली होती. मधोमध तिचा मुलगा माणिकराव कडक इस्तरीची टोपी घालून बोलत होता.

माणिकराव त्या साली पहिल्यांदाच मेंबर झाला होता. गावात, वस्तीमध्ये कोंबड्या पाळायच्या नाहीत, असा ठराव त्यानंच मांडला. तेव्हा कोणीतरी चेष्टेनं विचारलं, मेंबरसाहेबांच्या अंगणात काय मोर आहेत? म्हणून आज सुरुवात घरापासून होती. आईला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"कायद्याला आपपर नाही," तो म्हणत होता. "प्रत्यक्ष मातोश्रींच्या कोंबड्या मी नगरपालिकेच्या स्वाधीन करीत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झुंबरबाईला आजवर कोणी मातोश्री म्हटलं नव्हतं. बाजारात किडकं वांगं पाहावं तसं तिनं पोराकडं एकदा नीट पाहिलं. भांडली नाही. शिपायाला कोंबडी धरता येत नव्हती, पाय सोडून तो शेपटाला झोंबत होता. तिनं त्याला बाजूला सारलं, एकेक कोंबडी धरून डालग्यात ठेवली, तोंडावर जुनं लुगडं बांधलं. मग डालगं त्याच्या डोक्यावर चढवलं आणि अनवाणीच त्याच्यामागं निघाली.

कोंबड्या ठेवायला नगरपालिकेकडं जागाच नव्हती. ठराव करताना ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी डालगं कोंडवाड्यात गेलं, कुंभाराच्या गाढवांशेजारी. तिथला राखणदार निवृत्ती कुरकुरला, की इथं बोके फार, उद्यापर्यंत एक पीस उरलं तर नशीब, मग मला बोलू नका. झुंबरबाईनं पदर खोचला आणि डालग्याला पाठ लावून मातीत बसली.

दुपारपर्यंत बातमी कापसाच्या जिनिंगच्या गेटापर्यंत गेली, मेंबरची माय कोंडवाड्यात आहे म्हणून. माणसं कामं सोडून पाहायला येऊ लागली. कोणी विचारलं, बाई, तुम्हाला कोणी कोंडलं, तर ती सांगे, माझ्या पोरानं. एवढं बोलून पुन्हा भिंतीवरच्या बोक्याकडं डोळे लावी. माणिकरावाविरुद्ध निवडणुकीत पडलेला माणूस तिच्यासाठी मुद्दाम चहा घेऊन आला. तिनं तो परत पाठवला. त्याचं तोंडही तिला माणिकसारखंच दिसलं.

उन्हं कलल्यावर माणिकराव शिपायाला घेऊन आला. टोपी हातात होती. आधी त्यानं निवृत्तीवर डोळे वटारले, मग आईजवळ उकिडवा बसला. सभेतली भाषा गळून पडली होती.

"माय, घरी चाल. लोकं हासून राह्यले."

"हासू दे. सकाळी त्यायले टाळ्या वाजवाले तूच त बलावलं होतं."

तो गयावया करू लागला. कोंबड्या आजच घरी नेऊ, ठरावात काहीतरी वाट काढू, अध्यक्ष आपल्यातलेच आहेत, असं बरंच काही बोलला. झुंबरबाईला शिसारी आली. कोंबड्या नेल्या तेव्हा आली नव्हती तेवढी आली. सकाळचा कायदा निदान संध्याकाळपर्यंत तरी टिकवायचा होता. याच्याच्यानं तेवढंही झालं नाही.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"भावाकडं जातो मी, पिंपळगाव राजाले. कोंबड्या घेऊन. डालगं उचल."

त्यानं शिपायाला हाक मारली.

"त्याले नाही. तू उचल."

माणिकराव डोक्यावर डालगं घेऊन भर बाजारातून निघाला. दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी राहून पाहत होती. वरून कोंबड्यांची शीट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. झुंबरबाई पुढं चालत होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

स्टँडवर पिंपळगावची एस.टी. लागलेलीच होती. कंडक्टर म्हणाला, कोंबड्या आत चालत नाहीत, टपावर टाका. माणिकराव शिडीनं वर चढला आणि वाकून डालगं बांधू लागला. कंडक्टर बाहेरगावचा होता. त्यानं मान वर करून ती खादी पाहिली आणि खिडकीशी बसलेल्या झुंबरबाईला जरा अदबीनंच विचारलं, "बाई, ते साहेब बी तुमच्यासंगं येऊन राह्यले का?"

"नाही," झुंबरबाई म्हणाली. "तो इथलाच हाय. डालगं उचलाले बलावला होता."