दुसरी खाच

बंदुकांचा नवा कायदा अजून राजधानीत नुसता वाचला जात होता, आणि इकडे ड्रायफोर्क गावात रोएना प्रूएटच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानाबाहेरची रांग गवताच्या वखारीपर्यंत गेली होती. त्या रांगेत एकाचं लग्न जुळलं आणि काउंटरपाशी पोचेपर्यंत मोडलंही, असं लोक सांगतात. रोएनाला विचाराल तर ती म्हणेल, एक नाही, दोन.

फर्मिन उर्कियागा रांगेत थांबला नाही. ऐंशी वर्षांच्या मेंढपाळाला रांग नसते, हा कायदा त्याने स्वतःच केला होता. तो मागच्या दाराने आत आला आणि घोंगडीत गुंडाळलेली रायफल त्याने टेबलावर ठेवली.

"पोरी, हिचा दस्ता एवढा पक्का करून टाक."

रोएना एकसष्ट वर्षांची होती. तिला पोरी म्हणणारा गावात हा एकच उरला होता.

काम सगळ्यांचं सारखंच. आपोआप गोळी भरणाऱ्या रायफलींना खांद्याला टेकवायचा, मागेपुढे सरकणारा दस्ता यापुढे चालणार नव्हता. तो एका खाचेवर आणायचा, भोक पाडून पोलादी पिन ठोकायची, वरून घासून सपाट करायची. एकदा बसला की कायमचा.

नळी रिकामी आहे ना ते रोएनाने सवयीने पाहिलं. "हात वाकवा, म्हातारबा." तिने दस्त्याचं टोक त्याच्या कोपराच्या वळणात टेकवलं आणि बोट चापापर्यंत कुठे पोचतं ते पाहिलं. माप घ्यायची तिची रीत हीच. गजपट्टी तिने कधी वापरली नाही. "पाचवी खाच. हात आहेत का काठ्या?"

"दुसरीवर बसव."

रोएनाचा हात थांबला.

दुसरी खाच कोणाची ते तिला माहीत होतं. फर्मिनची बायको ग्रासिआना उंचीने त्याच्या छातीला लागायची. त्या घरात वीस वर्षं एकच रायफल होती आणि एकच भांडण. ती दस्ता आत ढकलून दुसऱ्या खाचेवर आणायची. तो उचलायचा, शिव्या द्यायचा आणि ओढून पाचवीवर न्यायचा. ग्रासिआना पाव भट्टीत टाकून ओसरीवर यायची, टेकडीपलीकडचा कोयोटी लांडगा पाडायची आणि आत जायची, तेव्हा पाव अजून पांढराच असायचा. फर्मिन हे दरवर्षी सांगायचा, आणि दरवर्षी कोयोटी एक टेकडी लांब जायचा.

आता सहा महिने ती गावातल्या शुश्रूषागृहात होती. तिथे कामाला असलेली रोएनाची बहीण तिला भरवायची. रविवारी बहीण म्हणाली होती, चमचा ओठाला लावला तरी आता तोंड उघडत नाही.

"मेंढ्या कधी विणार?" रोएनाने विचारलं.

"तीन आठवड्यांत."

"आणि तोवर कोयोटी उपास धरणार आहेत? दुसऱ्या खाचेवर तुमचं नाक अंगठ्यावर येईल. कोठाराची भिंतसुद्धा चुकेल तुमची."

"कोठार माझी कोकरं खात नाही."

"कोकरं गेली तर वर्षभर खाल काय? बरं, पाचवी नको. तिसरी? चौथी? मधलं काहीतरी धरू."

"मधल्या मापाचं माणूस आमच्या घरात कोणी नाही."

रोएना खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "हे बघा, माझी बहीण म्हणते की ग्रासिआना आता..."

"तुझी बहीण काय म्हणते ते मला तिने तोंडावर सांगितलंय." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घरी आली की ती पहिल्यांदा हीच उचलणार. तिला सांगावं लागत नाही, पोरी. खांद्याला लावली की कळतं तिला. पाचवीवर मिळाली तर म्हणेल, चारच दिवस गेले मी, तेवढ्यात माझं माप मोडलंस?"

रोएनाने दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"सरकवता येत होता तोवर भांडलो," तो म्हणाला. "आता एकदाच ठरवायचंय. तर काय माझंच ठरवू?"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "रोएना, आत प्रार्थना चाललीय का गं? आमचे पाय मोडले!"

"मोडू देत!" तिने ओरडून उत्तर दिलं आणि मधलं दार लावून घेतलं.

तिने रायफल शिकंज्यात आवळली. दस्ता आत ढकलला. दुसऱ्या खाचेत तो टक्‌ करून बसला. ड्रिल लावण्याआधी तिने एकदा वर पाहिलं. फर्मिन खिडकीकडे बघत होता. भोक पडलं, पिन गेली, हातोडीचे तीन ठोके. मग कानस. पिनेची जागा बोटाला लागेनाशी झाली तेव्हा तिने रायफल त्याच्या हातात दिली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणून गेली, "लावून बघा खांद्याला."

म्हणाली आणि जीभ चावली.

फर्मिनने रायफल उचलली. लांब कोपर बाहेर आलं, मान आखडली, नाक अंगठ्यावर टेकलं. गाल ठेवायला त्याला पार पुढे, ग्रासिआनाचा गाल यायचा तिथपर्यंत जावं लागलं. खिडकीबाहेर अंगणावर नेम धरून तो तसाच उभा राहिला. रोएनाचा कानशीचा भुगा झटकून झाला, टेबल पुसून झालं, तरी तो उभाच.

"काय झालं? टोचतंय का?"

"नाही," गाल न उचलता तो म्हणाला. "मी कधी इथून बघितलंच नव्हतं."