उलट्या पिळाची तार

"हा टायर या गाडीचा नाही," वहिनी म्हणाली आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली.

चष्मेवाल्या गिऱ्हाइकाने कबूल केलं, की मोटारसायकल वळणावर भलतीकडेच ओढते आणि मागून घासल्यासारखा आवाज येतो. टायर तर आठ दिवसांपूर्वीच बदलला होता. वहिनीने टायरच्या कडेवरचा आकडा दाखवला. एकशेवीस. मग चेनच्या झाकणावरची कंपनीची पट्टी फडक्याने पुसून दाखवली. तिथे शंभर लिहिलं होतं. पहिला आकडा रुंदीचा, तो कंपनीने सांगितलाय तेवढाच घ्यायचा, असं तिने समजावलं. रुंद टायर दिसतो झोकात, पण अरुंद रिमवर त्याच्या कडा चेपतात, मध्ये फुगतो आणि ओल्या वळणावर दगा देतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते काय माणसांनीच का?

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. दुकान नवऱ्याचं. तो तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गेला तो गेलाच. कुणी म्हणे दुसरी बाई आहे, कुणी म्हणे डोकं फिरलं. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं? वहिनीने पान्हे हातात घेतले, धंदा सांभाळला, सासूलाही सांभाळलं. सासू रोज दुकानाच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलत बसायची. देव पाण्यात घालून बसावं तशी. डाव्या हातात सुरी आणि नजर रस्त्यावर.

नवऱ्याची तऱ्हाच वेगळी होती. येईल त्याच्या गळ्यात एक नंबर मोठा टायर मारायचा, आणि तो घासला की चेनचं झाकण बाहेर ओढून तारेने बांधून टाकायचा. गडी डावरा, त्यामुळे त्याच्या पकडीतली तार उलटी पिळली जायची. बायकोवरही डावाच हात उठायचा. वहिनीला उजव्या कानाने काही म्हणजे काही ऐकू येत नसे, ते त्यामुळेच.

तिने झाकणाच्या आत बोटं घातली आणि तिथेच थांबली. आत तार होती. पीळ उलटा होता. तार नवीकोरी, गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

तिने बोटं हळूच बाहेर काढली.

"कुणी बसवला हा टायर?"

"हायवेवर, पेट्रोल पंपाच्या पुढे टपरी आहे, तिथल्या माणसाने. फार बोलत नव्हता. काम डाव्या हाताने." गिऱ्हाईक चष्मा पुसत म्हणालं. "एवढं मात्र म्हणाला, की घासलं तर माझ्या बायकोकडे ने. तिला सगळं मापात लागतं."

खुर्चीवरून लसणाची परडी खाली पडली. सासू भिंतीला धरत आत आली. तिने वाकून तार बघितली, बोटाने चाचपली, आणि मटकन खाली बसून रडायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, हा माझ्या पोराचाच हात आहे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"शक्य नाही," वहिनी पुटपुटली.

"का नाही? जा पोरी, आत्ताच्या आत्ता जा."

वहिनीने शंभर नंबरचा टायर काढला. लक्ष असं उडालं होतं, की टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा बसला. पुन्हा उतरवून बसवावा लागला. इतक्या वर्षांत तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक भलं निघालं. टपरीपर्यंत सोडतो म्हणालं. तिने नकारार्थी मान हलवली. आमच्या घरातली गोष्ट आहे, मी माझी जाते, एवढंच ती बोलली.

दुपारी तिने स्कूटर काढली. सासूने दारातून बजावलं, त्याच्याशी भांडू नकोस, जेवला का तेवढं आधी विचार.

चौकातून हायवे डावीकडे होता. वहिनी उजवीकडे वळली.

रस्ता संपतो तिथे दगडाची जुनी खाण होती. गावातले सगळे टायरवाले निकामी टायर तिथेच टाकत. उन्हाने रबराचा वास चढला होता, आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. वहिनी कोपऱ्यातल्या ढिगाशी गेली आणि एकेक टायर उपसू लागली. त्या सकाळी तिने टायर उचकटायची लोखंडी टॉमी हाणल्यावर नवरा पडला, हलला नाही, पण श्वास चालू होता की नाही हे तिने नीट बघितलंच नव्हतं. त्याला इथे टायरांखाली लपवायची घाईच तशी होती. मग वाचला असेल? वर चढून आला असेल?

शेवटचा टायर तिने बाजूला लोटला. खाली चेक्सचा शर्ट होता, आणि शर्टात तो. हाडांचाच उरलेला, पण तोच. कुठेही न गेलेला. वहिनीने कपाळावरचा घाम पुसला. तीन वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

उजवीकडून माणसं आली, ते तिला सावल्या पडल्यावरच कळलं. चष्मेवाला होता, दोन पोलीस होते. मागे, इंजिन बंद करून ढकलत आणलेली ती मोटारसायकल उभी होती, आणि तिच्यावरून सासू जपून उतरत होती.

"तार मीच पिळली," सासू म्हणाली. "तू कुठे जातेस ते बघायचं होतं. डावरेपण त्याला माझंच आलं होतं. आता बाजूला हो. मला माझ्या पोराला बघू दे."