स्वतःच्या मर्जीनं

"हलू नका वहिनी, चेहरा गोलात राहू द्या." भावजींनी फोन कुमुदिनीसमोर धरला.

कंपनीचे कागद संगणकावर गेले, तशी तिची सहीही पेनड्राइव्हएवढ्या एका वस्तूत गेली. आणि ती वस्तू भावजींच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. नवरा गेल्यापासून कापडाच्या कारखान्यात निम्मी भागीदार तीच. तरी निम्मे माग विकले गेल्याचं तिला कळलं, ते भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडताना. व्यवहारावर सही तिचीच होती. आता उरलेले माग विकायचे होते. पण सहीची मुदत संपली होती, आणि नवी काढायला तिचा चेहरा आणि तोंडी होकार लागत होता.

"या वेळी सही माझ्याकडे राहील ना?"

"तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, सही कुठं सांभाळता? म्हणा."

"मी कुमुदिनी मगदूम. ही सही मी स्वतःच्या मर्जीनं…"

"परत."

"मी कुमुदिनी मगदूम. ही सही…"

"परत. आणि जरा हसून म्हणा. बघणाऱ्याला वाटेल, मी मानगूट धरलीय."

मग तिनं सगळं न अडखळता म्हटलं. भावजी खूश झाले. तेवढ्यात फोन बोलला: समोर जिवंत माणूस असल्याची खात्री करायची आहे. डोळे मिटा, मग उघडा.

तिनं डोळे मिटले.

"हां. उघडा आता."

मिटल्या डोळ्यांआड सगळे माग जागेवर होते, खडखडत होते.

"उघडा की, वहिनी."

तिनं पापण्या आणखी घट्ट आवळल्या.