पाहुण्यांची पेटी

नव्या जावयाने पिशवीतून स्ट्रॉबेरीची पेटी काढून पुढे ठेवली, तेव्हा रूपालीला हसू आवरेना.

"अहो दाजी, भिलारला कुणी स्ट्रॉबेरी आणतं का? दारातच मळा आहे आमचा!"

"पहिल्यांदा सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं यायचं? पुण्यात हीच ताजी दिसली," जावई कानापर्यंत लाल झाला.

कलाबाईंना राग आला तो लेकीचा. "गप गं. एवढ्या मायेनं आणलंय पाव्हण्यांनी." त्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि बोलता बोलता त्यांचे हात कामाला लागले. लग्न होऊन या घरात आल्यापासून हंगामात रोज हेच चाललेलं. टपोरी, अख्खी फळं बाजाराच्या डब्यात, चेपलेली घरच्या ताटलीत. त्या ताटलीतलं खाऊनच पोरं वाढली.

बघता बघता पेटी पुन्हा नीट रचून झाली. प्रवासात दबलेल्या दोन-चार तेवढ्या ताटलीत आल्या. त्यातली एक कलाबाईंनी तोंडात टाकली.

"आई," रूपालीचं हसू कधीच थांबलं होतं. "ही पेटी विकायची नाहीये. तुझ्यासाठी आणलीय." तिने वरची सगळ्यात मोठी स्ट्रॉबेरी उचलून आईच्या हातात दिली.

कलाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. कुठेच डाग नव्हता. सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर त्या अवघडल्या.

मग त्यांनी ती अंगठ्याने दाबून चांगली चेपली, आणि निवांत खाल्ली.