एक जून

पडद्यावर लाल पट्टी आली तेव्हा तौसिफ चहात बिस्किट बुडवत होता. ते बुडालं ते बुडालंच.

जळगावच्या त्या शाखेत हे काम त्याच्याकडे होतं. सरकारकडून दहशतवादाच्या संशयितांच्या नावांची यादी यायची. कुठल्या कुठल्या देशांतली, कधी न पाहिलेली माणसं. त्यांचे पैसे जिथे असतील तिथे गोठवायचे. यादीतलं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख शाखेतल्या कुणाशी जुळली की लाल पट्टी. मग खातं गोठवायचं, वर कळवायचं, आणि खातेदाराला कारण सांगायचं नाही. दुपारच्या सुस्तीत ती नावं एकामागून एक वाचताना तौसिफला अंगाई ऐकल्यासारखी पेंग यायची.

आज पेंग उडाली. नाव जुळलं, बापाचं जुळलं, तारीखही जुळली. एक जून.

खातेदाराचं नाव इथे लिहिता येणार नाही. गोठवलेल्या खात्याबद्दल बाहेर बोलायचं नाही हा नियम गोष्ट सांगणाऱ्यालाही लागू आहे असं समजू.

"अहो, हा सरळसरळ घोळ आहे," व्यवस्थापक भूपेंद्र खुर्चीमागून वाकून म्हणाले. "हा माणूस कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. 'जुळत नाही' दाबा आणि मोकळे व्हा. कोण विचारतंय?"

"मला काय ठाऊक आहे त्याला या पडद्यावर रकाना नाही, साहेब."

"तौसिफभाई, उगाच हट्ट."

"तीन वर्षांपूर्वी गादीवाल्या हनीफची तारीखही एक जूनच होती. आपण बेचाळीस दिवस धरलं त्याचं खातं. रोज येऊन त्या बाकावर बसायचा. मी रोज सांगायचो, सिस्टीमचा घोळ आहे. तेव्हा नाही दाबलं ते बटण."

तौसिफने 'गोठवा' दाबलं.

तासाभरात फोन आला. खातेदाराची बायको, रईसा.

"कार्ड चालत नाहीये. दुकानात चारचौघांत शोभा झाली. आणि नाजमीनच्या फार्मसीची फी सोमवारी भरायची आहे, ठाऊक आहे ना? नाही भरली तर पोरीची जागा जाईल."

"सिस्टीमचा घोळ आहे," तौसिफ म्हणाला.

"मग तुम्ही बँकेत बसून करता तरी काय?"

बँकवाल्यांना हा प्रश्न सगळेच विचारतात. तौसिफने फोन ठेवला. लहानपणी नाजमीन शाखेत यायची, काउंटरवर बसून सगळ्यांच्या शाईच्या पॅडवर बोटं उमटवायची.

सुटायचा एकच मार्ग होता. खातेदार त्या दिवशी जन्मलाच नव्हता असा कागद. म्हणून रविवारी तौसिफ धुळ्याच्या बसमध्ये बसला. खातेदाराची आई तिथे राहायची.

पारोळ्याच्या पुढे त्याचा डोळा लागला. स्वप्नात एका शाळेचं अंगण होतं. पांढऱ्या सदऱ्यातली शेकडो पोरं रांगेत उभी, आणि त्या सगळ्यांचा आज वाढदिवस. मास्तर प्रत्येकाच्या तळहातावर तीच तारीख लिहीत पुढे सरकत होते. मागे कापसाचं वावर फुटलं होतं, इतकं पांढरं की पोरं कुठे संपतात आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळेना. एका पोराने हात मागे लपवला. मास्तर हसले आणि त्याच्या कपाळावर लिहून गेले.

म्हातारीने दार उघडलं आणि आधी ताट वाढलं. खान्देशात दारी आलेल्याला विचारपूस मागाहून असते.

"जेवी ले. किती बारीक व्हई गया."

जेवता जेवता तौसिफने विचारलं, "जनम जूनमधलाच का, बी?"

"जून कसाना? कडक थंडी व्हती. कापूस येचाना दिन. वावरमाच पोट दुखाले लागनं." म्हातारी दूरचं काही बघत हसली. "मास्तरनी बठ्ठा पोरेस्ले एकच तारीख दी टाकी. म्हने, शाळा जूनमा उघडस. आज हाई काबर इचारस?"

"बँकना कामसाठे. कागद शे का काही?"

"कागद कोठे व्हता त्या टाइमले? एक दाई व्हती, तीबी गयी."

तो बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिला. त्या थंडीबद्दल तिने सगळं सांगितलं. धुकं, बैलगाडी, शेकोटी, आभाळातला अर्धा चंद्र. फक्त तारीख तिला ठाऊक नव्हती. निघताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाजमीनसाठी शेवेची पुडी दिली.

सोमवारी सकाळी त्याने तपासणीचा अर्ज भरायला घेतला. मास्तरांनी सरसकट लिहिलेली तारीख, आईची आठवण, कापसाचे दिवस, सगळं नीट लिहिलं. मग 'पुरावा' या रकान्यात लिहिलं, 'नाही'. हनीफच्या वेळी लिहिलं होतं तसंच.

शिफारशीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. फी भरायची मुदत पाचची. भूपेंद्र लांबून बघत होते. तौसिफने लिहिलं, 'वरून निर्णय येईपर्यंत खातं गोठलेलं राहू द्यावं,' आणि खाली तपासणाऱ्याची सही केली.

वरच्या कोपऱ्यात खातेदाराच्या नमुना सहीची प्रत छापलेली होती. एका कागदावर दोन सह्या दिसल्या की जुळवून बघायच्या, ही त्याची वीस वर्षांची सवय. निकाहनाम्यावरच्या सह्यासुद्धा तो सोडत नसे. त्याने कागद उजेडात धरला आणि एकेक वळण तपासलं. सुरुवातीचा फाटा, मधली गाठ, खालची तिरपी रेघ.

दोन्ही सह्या तंतोतंत जुळल्या.