माठाचं पाणी

पाण्यात बोट बुडवून रूपराव मास्तर तसेच बसून राहिले. पाणी गार नव्हतं. सकाळी शेजारच्या तानाबाईनं विहिरीतून आणून वरूनच पितळी गुंडात ओतलं होतं, आणि वैशाखातल्या हिंगणीत दुपारपर्यंत पितळेतल्या पाण्याचं जे व्हायचं तेच झालं होतं. फिल्म धुवायची तर पाणी माठाचं हवं. घरात माठ नव्हता. सात दिवसांपूर्वी नलू गेली, तेव्हा रीतीप्रमाणे घरातली सगळी मडकी बाहेर नेऊन फोडली होती. सुतक फिटल्याशिवाय नवं मडकं उंबऱ्याच्या आत यायचं नव्हतं.

पोटची नऊ वर्षांची पोर, चार दिवसांच्या तापात गेली. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या मास्तरांनी तिचा फोटो आत्ता पंधरा दिवसांखाली कुठे काढला होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तो एकच फोटो, आणि तोही अजून डबा कॅमेऱ्यातल्या रोलवर.

मास्तर या कामात कच्चे नव्हते. पहिल्या रोलवर ठिपके उठले, तेव्हा ते बुडबुडे झटकायला शिकले. दुसरा सबंध काळा पडला, तेव्हा कौलांतली फट शोधून तिच्यात चिंध्या कोंबल्या. उन्हाळ्यावरचा उतारासुद्धा त्यांना ठाऊक होता. कोमट पाण्यात फिल्मवरचा लेप सुटतो, म्हणून माठाचं पाणी घ्यायचं, नाहीतर थांबायचं. सकाळी बायकोला, देवकाबाईला, त्यांनी हेच समजावलं होतं. सुतक फिटू दे, माठ येऊ दे, मग करू. शेजारी मागावं, तर सुतकातल्या माणसानं कोणाच्या माठाजवळ जाऊ नये. देवकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. हट्ट करणारी बाई नव्हती ती.

"मले तिचं तोंड आठवून नाई राह्यलं, जी," ती म्हणाली. "निजवलं तेव्हाचं तेवढं दिसते."

मास्तर उठले आणि सैपाकखोलीच्या खिडकीला वाकळ लावायला लागले.

लाल कंदिलाच्या उजेडात त्यांनी तामचिनीच्या तीन थाळ्या मांडल्या. खाली ओलं पोतं अंथरलं, तेवढाच गारवा. दाराबाहेर देवकाबाई टेकून बसली होती. फिल्मची दोन्ही टोकं धरून ते ती पहिल्या थाळीतल्या औषधातून खालीवर ओढत राहिले. हळूहळू फिल्मवर काळं उमटायला लागलं. शाळेचं झेंडावंदन उमटलं, पोळ्याचे बैल उमटले, आणि अगदी शेवटच्या चौकोनात एक झगा, एक वर केलेला हात. दुसऱ्या थाळीत त्यांनी फिल्म पक्की केली, तिसऱ्या थाळीतल्या साध्या पाण्यात सोडली आणि धीर न धरता हाक मारली.

"ये वं. आली आपली नलू."

देवकाबाई दार लोटून आत येईपर्यंत फिल्मच्या कडेला सुरकुती पडली होती, दुधावरच्या सायीला पडते तशी. मास्तरांनी घाईनं फिल्म उचलली, आणि लेप त्यांच्या बोटांखालून घसरला. झेंडा गेला, बैल गेले, झगा गेला. हातात नुसती कोरी पट्टी राहिली. थाळीतल्या पाण्यात काळपट गाळ फिरत होता. देवकाबाईनं तो ओंजळीत धरून पाहिला. पाणी बोटांतून गळून गेलं.

मास्तर लहान पोरासारखे रडायला लागले. थांबायला पाहिजे होतं, मला माहीत होतं, असं काहीबाही ते रडता रडता बोलत होते. देवकाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुमी तं पाह्यली ना?" तिनं विचारलं.

मास्तरांनी मान डोलावली.

"डोये उघडे होते?"

खरं तर त्यांना झगा आणि हात, एवढंच दिसलं होतं. चेहऱ्यापर्यंत नजर पोचलीच नव्हती.

"उघडे होते," ते म्हणाले.

"कोनाकडं पाहून राह्यली होती?"

"तुयाकडं."

फोटो काढला त्या दिवशी देवकाबाई माहेरी, वडनेरला होती. हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं पदराला हात पुसले.

"मंग हासली असन," ती म्हणाली.